पॅटर्न मिस्त्रीच्या पुतण्याचं कॅड: एका ब्रॅकेटचं प्रकरण

हे प्रकरण बेळगावच्या एका छोट्या पॅटर्न शॉपमधलं आहे. काका आणि पुतण्या दोघांच्या परवानगीनं लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांची आणि गिऱ्हाइकांची नावं गाळली आहेत आणि वस्तूची मापं बदलली आहेत. मी ड्रॉइंग शिकवतो. कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग आणि मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, स्वतःच्या स्वतः शिकणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांतली पुष्कळशी हुशार असतात, कष्टाळू असतात, आणि तरी एका ठरावीक जागी अडतात: अनोळखी माणसांकडे मदत मागताना. ही अडचण सुटू शकते आणि ती कशी सुटते ते या प्रकरणात स्पष्ट दिसतं, म्हणून सविस्तर मांडतो.

पार्श्वभूमी

उद्यमबाग, मच्छे, होनगा या वसाहतींत फौंड्री आणि मशीन शॉप भरपूर आहेत. पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक्स, गाड्यांचे सुटे भाग अशी कामं इथं चालतात. या फौंड्र्यांच्या आधारानं पॅटर्नची छोटी दुकानं जगतात. कास्टिंग ओतायचं तर वाळूत त्या आकाराची पोकळी लागते आणि पोकळी उमटवायला पॅटर्न लागतो. पॅटर्न म्हणजे वस्तूची नुसती नक्कल नव्हे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. वाळूतून काढताना कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा, ज्याला इथं सगळे ड्राफ्टच म्हणतात. जिथं नंतर मशीनिंग होणार तिथं दोन-तीन मिलिमीटर माल जास्त ठेवायचा. आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, आणि कोअर टेकायची जागा, म्हणजे कोअर प्रिंट. हे सगळं या प्रकरणातल्या काकांच्या हातात आहे. त्यांनी आयुष्यभर सागवानात पॅटर्न केले.

पुतण्या दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकला, मग आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड केला आणि काकांच्या दुकानात आला. ड्रॉइंग चांगलं वाचतो, व्हर्नियर हातात घेतला की माप चुकत नाही. कन्नड आणि हिंदी बोलतो. इंग्रजी एकेक शब्द लावत वाचतो, लिहायला मात्र घाबरत होता.

दुकानाची अडचण हळूहळू वाढत गेली. पूर्वी गिऱ्हाईक कागदी ड्रॉइंग आणायचं, नाहीतर तुटलेला नमुनाच आणून बाकावर ठेवायचं. आता बेळगावची आणि कोल्हापूरची गिऱ्हाइकं स्टेप फाइल, म्हणजे वस्तूच्या त्रिमितीय आकाराची फाइल, पाठवतात आणि ॲल्युमिनियमचा पॅटर्न व्हीएमसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, कापून मागतात. व्हीएमसीला पॅटर्नचं त्रिमितीय मॉडेल लागतं. काका ते बाहेरून करून घ्यायचे. मजुरीतला मोठा वाटा तिकडे जायचा, आणि मॉडेल करणाऱ्याला फौंड्रीचं ज्ञान नसल्यानं ड्राफ्ट उलट्या दिशेनं आलेले पॅटर्नही एक-दोनदा नशिबी आले होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय क्लासचा. बेळगावात कॅडचे क्लास आहेत. पण फी एकदम भरायची होती, वेळ दुकानाच्या वेळेत होती आणि अभ्यासक्रमात पॅटर्नचा विषयच नव्हता. दुसरा पर्याय ओळखीच्या एकानं सुचवला: महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत. काकांनी तो लगेच फेटाळला. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो, आणि निव्वळ नीतीच्या कारणानं नव्हे. ज्यांची कामं परदेशी कंपन्यांपर्यंत जातात अशी गिऱ्हाइकं पुरवठादाराकडे लायसन्स विचारू शकतात, आणि क्रॅकबरोबर व्हायरस आला तर गिऱ्हाइकाची ड्रॉइंग त्याच लॅपटॉपवर असतात.

तिसरा पर्याय फ्यूजन या कॅड सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीचा. ती वैयक्तिक, बिगरधंदेवाईक वापरासाठी आहे. दुकानाचं काम त्यात करणं नियमाबाहेर. चौथा पर्याय फ्रीकॅड. हे मुक्त सॉफ्टवेअर २००२ पासून विकसित होतं आहे, धंद्यासाठी वापरायलाही पैसे किंवा परवानगी लागत नाही आणि जुन्या लॅपटॉपवर चालतं. उणी बाजूही खरी होती: परिसरात ते वापरणारं कोणी नव्हतं, म्हणजे अडलं तर शेजारी जाऊन विचारता येणार नव्हतं. पुतण्यानं फ्रीकॅड घेतलं, आणि त्या निवडीबरोबर ऑनलाइन मदत मागणं ही शिक्षणाची गरजच ठरली.

सुरुवातीचा अभ्यास

संगणकाची सवय व्हावी म्हणून त्यानं आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले मराठी धडे आधी पाहिले. मग फ्रीकॅडचे व्हिडिओ. भाषा इंग्रजी असली तरी आवाज बंद करून, थांबवत थांबवत, माउस कुठं जातो ते बघत तो करत गेला.

त्याची एक निवड मला फार महत्त्वाची वाटते. व्हिडिओतले खेळण्यासारखे नमुने त्यानं लवकरच सोडले आणि दुकानातल्या वस्तू मोजून काढायला घेतल्या. बुश, फ्लँज, व्ही-ब्लॉक. माप चुकलं तर वस्तू समोरच असते, कुणाला विचारावं लागत नाही. स्केचमध्ये, म्हणजे ज्यावरून आकार उभा करायचा त्या सपाट रेखाटनात, किती हालचाली मोकळ्या उरल्या आहेत ते फ्रीकॅड आकड्यात सांगतं आणि सगळं बांधलं गेलं की रेषा हिरव्या होतात. पुष्कळ नवशिक्यांना हे कळायला वेळ लागतो. याला ते चटकन कळलं, कारण मशीनवर जॉब पकडताना तो कुठल्या बाजूनं सरकू शकतो याचा विचार करणं हे मशिनिस्टचं रोजचं काम आहे.

काही महिन्यांत साध्या वस्तू जमू लागल्या. मग काकांनी एक खरं काम त्याच्यावर सोपवलं.

बिघाड

काम बेअरिंग ब्रॅकेटचं होतं. सपाट पाया, त्यावर गोल बॉस (उंचवटा), दोघांना जोडणाऱ्या रिब्स (पातळ आधारपट्ट्या), आणि सगळीकडे फिलेट (कोपऱ्यांतली गोलाई). पायाची लांबी ३०० मिलिमीटर धरू. पुतण्यानं फ्रीकॅड ०.२१ मध्ये पायाचा ठोकळा केला, त्याच्या वरच्या पृष्ठावर स्केच काढून बॉस उभा केला, बॉसच्या पृष्ठावर स्केच काढून पुढचा भाग केला. प्रत्येक टप्प्यानंतर लगेच फिलेट देत गेला, कारण तसं केलं की चित्र पुरं झाल्यासारखं दिसतं. मॉडेल देखणं झालं. काकांनी मोबाइलवर फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवला.

मग गिऱ्हाइकाकडून दुरुस्ती आली. शेजारच्या बोल्टला जागा हवी म्हणून पायाच्या एका कोपऱ्याला खाच. कागदावर पाच मिनिटांचा बदल. पुतण्यानं पायाचं स्केच उघडलं, कोपरा कापला, आणि बॉस आडवा होऊन पायाच्या बाजूतून बाहेर आला. रिब्स हवेत. फिलेट भलत्याच कडांवर, काही नुसत्याच लाल खुणा दाखवणारे. उतार देण्याचा प्रयत्न केला तर तीही क्रिया फसली. पॅटर्न द्यायची तारीख जवळ आली होती.

पहिला प्रश्न आणि त्याची उत्तरं

त्या रात्री त्यानं स्क्रीनचा मोबाइलनं तिरपा फोटो काढला आणि एका मोठ्या टेलिग्राम ग्रुपवर टाकला. सोबत एक ओळ: मॉडेल बिघडलं आहे, तातडीनं मदत करा. उत्तरं आली. एकानं सॉफ्टवेअर बदलायला सांगितलं, एकानं पुन्हा इन्स्टॉल करायला, एकानं क्रॅकची लिंक दिली. एकानं विचारलं, "नेमकं काय केल्यावर बिघडलं?" आणि त्या एकमेव कामाच्या प्रश्नाला पुतण्यानं उत्तरच दिलं नाही. त्याला वाटलं, आपल्या अज्ञानावर बोट ठेवलं जात आहे.

इथं थांबून बोलायला हवं. आपल्याकडच्या शाळेत प्रश्न विचारणं म्हणजे न आल्याची कबुली असते, आणि उलट प्रश्न म्हणजे झाडाझडती. त्यामुळे मुलं एकतर विचारत नाहीत, किंवा सगळा भार समोरच्यावर टाकून मोकळी होतात. पण दूर बसलेल्या माणसाला तिरप्या फोटोतून काय दिसणार? मॉडेल कुठल्या क्रमानं झालं, कुठलं स्केच कशाला चिकटलं आहे, हे फोटोत नसतं. उलट प्रश्न विचारणारा माणूस मदतीला सुरुवात करत असतो, हे मुलांना कोणीतरी सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी पुतण्या माझ्याकडे आला तेव्हा मी एवढंच सांगितलं, आणि फ्रीकॅडच्या वापरकर्त्यांच्या अधिकृत समूहात विचार असं सुचवलं.

तिथं त्याला काही तासांत उत्तर मिळालं. दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, आवृत्तीची माहिती, जी मदतीच्या मेनूत 'फ्रीकॅडविषयी' या खिडकीतून एका बटणानं कॉपी होते. दुसरी, मूळ फाइल.

निर्णयाची जागा: फाइल द्यायची की नाही

माझ्या मते हे या प्रकरणातलं सर्वांत अवघड वळण. फाइल दिल्याशिवाय निदान होत नाही, हे पुतण्याला पटलं होतं. पण फाइलमध्ये गिऱ्हाइकाचं डिझाइन होतं. बहुतेक खरेदी ऑर्डरींत ड्रॉइंग गिऱ्हाइकाची मालमत्ता आहे असं लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं नसलं तरी बाजारात शब्द चालतो. उद्यमबागेसारख्या ठिकाणी एकाची गोष्ट दुसऱ्याला कळायला वेळ लागत नाही.

दरम्यान एका अनोळखी माणसानं खासगी निरोप पाठवला होता: फाइल मला एकट्याला दे, दुरुस्त करून देतो, पैसे नकोत. पुतण्याचा कल तिकडे होता. उघड्यावर टाकायची नाही, काम होतंय, मग काय हरकत? काकांना त्यानं विचारलं.

"ते डिझाइन आपलं आहे काय?" काका म्हणाले. "त्यांनी विश्वासानं दिलंय. आपण कुणालाही द्यायचं काय?"

"काका, फाइल दिली नाही तर ते सांगणार कसं?"

"मग तसलंच दुसरं कर की."

काकांना कॅडमधलं काही येत नाही. पण त्यांनी सांगितलं ते नेमकं तेच, जे अनुभवी मदतनीस नेहमी सांगतात: दोष तेवढा दिसेल अशी छोटी, वेगळी वस्तू करा. खासगी निरोप पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाही असेल. तरी फाइल एकदा गेली की परत येत नाही, आणि खासगीत मिळालेलं उत्तर चुकीचं असलं तर ते दुरुस्त करायला तिसरं कोणी नसतं. उघड्यावरच्या उत्तराला दुसरे लोक तपासतात.

पुतण्यानं नवीन फाइल उघडली. चौकोनी ठोकळा, वरच्या पृष्ठावर गोल बॉस, एक रिब, एक फिलेट. मापं मनानं घेतलेली. मग कोपरा कापला. बॉस आडवा झाला. फिलेट काढून टाकला, पुन्हा कापला: तरी आडवा. रिब काढली: तरी आडवा. उरल्या दोनच गोष्टी, ठोकळा आणि बॉस. म्हणजे दोष फिलेटमध्ये नव्हता, रिबमध्येही नव्हता. बॉसचं स्केच ज्या पृष्ठावर टेकलं होतं तिथं होता. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. प्रश्न लहान करता करता अर्धं निदान त्याच्याच हातून झालं.

दुसरा प्रश्न

या वेळचा प्रश्न त्यानं आधी मराठीत लिहिला, मला दाखवला, मग भाषांतराच्या साधनानं इंग्रजी करून छोटी छोटी वाक्यं स्वतः तपासली. मराठी मसुदा असा होता:

"आवृत्तीची माहिती खाली जोडली आहे. दोन फाइली जोडल्या आहेत, बदलाआधीची आणि बदलानंतरची. पहिल्या फाइलमध्ये पायाचं स्केच उघडून एक कोपरा कापला. अपेक्षा होती की बॉस वरच उभा राहील. प्रत्यक्षात तो बाजूच्या पृष्ठावर गेला. फिलेट आणि रिब काढून पाहिलं, तरी तेच होतं. बॉसचं स्केच पायाच्या वरच्या पृष्ठावर आहे. हे पृष्ठ बदलल्यामुळे होतं का? अशी वस्तू कुठल्या क्रमानं करायला हवी? ही वस्तू बिडाच्या कास्टिंगच्या पॅटर्नसाठी आहे."

शेवटचं वाक्य मी घालायला सांगितलं. वस्तू कशासाठी हे कळलं की सल्ल्याची दिशा बदलते.

सकाळपर्यंत तीन जणांनी उत्तर दिलं होतं. खुलासा असा: फ्रीकॅड पृष्ठांना आणि कडांना क्रमांक देतं. चौकोनी ठोकळ्याला सहा पृष्ठं असतात. आधी बाजूची चार, मग खालचं, मग वरचं सहावं. बॉसचं स्केच "सहाव्या पृष्ठावर" अशी नोंद होती. कोपरा कापला तेव्हा बाजूची पृष्ठं सहा झाली आणि सहावा क्रमांक बाजूच्या एका पृष्ठाला गेला. स्केच सांगितल्याप्रमाणे सहाव्या पृष्ठावरच राहिलं. फिलेटचंही तसंच, कारण ते कडांच्या क्रमांकावर टेकलेले असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा त्रास पुष्कळ कमी केला आहे, पण सवयी बदलणं तरीही चांगलं, असं तिघांचंही मत होतं. त्या सवयी अशा: स्केच तयार पृष्ठावर न टेकवता मूळ प्रतलांवर, म्हणजे फाइलमधल्या न बदलणाऱ्या सपाट पातळ्यांवर, टेकवावं आणि अंतर आकड्यानं द्यावं, वारंवार लागणारी मापं स्प्रेडशीटमध्ये ठेवावीत, उतार आधी द्यावा, फिलेट सगळ्यात शेवटी.

एकानं छोटी फाइल दुरुस्त करूनही पाठवली. पुतण्यानं ती शेजारी उघडली आणि स्वतःच्या फाइलशी एकेक पायरी ताडून पाहिली. दुरुस्त फाइल नुसती उघडून हायसं वाटून घेणारे पुष्कळ असतात. तो तिथं थांबला नाही, याचं श्रेय त्यालाच.

आणि तिघांतल्या एकानं शेवटी एक उलट प्रश्न विचारला होता: पॅटर्नची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे वरचा आणि खालचा भाग जिथं वेगळे होतात ती रेषा, कुठं आहे?

काकांचा भाग

या वेळी पुतण्या उलट प्रश्नाला बिथरला नाही, पण उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तो फाइल घेऊन काकांकडे गेला. काकांनी पेन्सिल घेतली आणि ब्रॅकेट कागदावर आडवा काढला. साचा कुठून उघडणार, कुठला भाग वरच्या पेटीत जाणार, कुठला खालच्या, रिब कुठल्या बाजूला निमुळती हवी, बोअरसाठी, म्हणजे मधल्या भोकासाठी, कोअर कसा टेकणार, हे अर्ध्या तासात दाखवलं. पार्टिंग लाइनच्या दोन्ही बाजूंना उतार परस्परविरुद्ध दिशेनं जायला हवा होता. पुतण्याच्या पहिल्या मॉडेलमध्ये सगळा उतार एकाच दिशेनं होता. बॉस सरळ उभा राहिला असता तरी तो पॅटर्न वाळूतून निघालाच नसता.

मग काकांनी आणखी एक सांगितलं, ते मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म वाटतं. लाकडाचा पॅटर्न करताना ते आधी ठोकळा घेतात, त्यावर बॉस आणि रिब्स बसवतात, उतार रंधून घेतात आणि अगदी शेवटी कोपऱ्यांत मेण किंवा पुटी भरून गोलाई करतात. आधी गोलाई केली तर पुढचा भाग टेकवायला सरळ जागा उरत नाही आणि बदल आला तर सगळं खरवडावं लागतं. परदेशातल्या माणसांनी रात्रीतून लिहून पाठवलेला क्रम आणि काकांचा बाकावरचा क्रम एकच निघाला.

दुरुस्ती की नव्यानं काम

जुनी फाइल दुरुस्त करावी, असा मोह होता. त्यात कित्येक रात्री गेल्या होत्या. पण प्रत्येक फिलेट शोधून पुन्हा लावायचा म्हटलं तर वेळ तेवढाच जाणार होता, आणि गिऱ्हाइकाकडून पुढची दुरुस्ती आली की पुन्हा तीच गत. पुतण्यानं नव्यानं करायचं ठरवलं. आवृत्तीचाही प्रश्न होता. १.० घ्यावी का? तारीख जवळ असताना त्यानं हे काम ०.२१ मध्येच संपवलं आणि सरावासाठी १.० वेगळी ठेवली. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत नीट उघडेलच याची खात्री नसते, म्हणून हे सावधपण बरोबर होतं.

दुसरं मॉडेल पहिल्यापेक्षा फारच लवकर झालं. खाचेची जागा गिऱ्हाइकानं पुन्हा थोडी सरकवली, तेव्हा स्प्रेडशीटमधला आकडा बदलला आणि सगळं जागच्या जागी राहिलं. शेवटी मॉडेलची प्रत १.०१ पटीनं मोठी करून आकसणी धरली.

दोनदा धरलेली आकसणी

फाइल व्हीएमसीवर गेली आणि पॅटर्नचा पहिला अर्धा भाग कापून आला. काकांनी सवयीप्रमाणे आकसणीची पट्टी लावली. या पट्टीवरच्या खुणा आधीच एक टक्का लांब असतात, म्हणजे बरोबर पॅटर्नवर तिनं ३०० च दाखवायला हवं. तिनं ३०३ दाखवलं.

झालं असं की व्हीएमसीच्या प्रोग्रॅमरकडे नेहमी वस्तूच्या मापाच्या फाइली येतात आणि आकसणी तोच धरतो. पुतण्यानं धरली आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलंही नव्हतं. दोघांत कन्नडमध्ये रोज बोलणं होतं, भाषेची काही अडचण नव्हती. ३०० चे ३०३ झाले आणि ३०३ चे सुमारे ३०६. ॲल्युमिनियमचा ठोकळा वाया गेला. दोन्ही दुकानांनी खर्च वाटून घेतला, भांडण झालं नाही. त्यानंतर पुतण्याच्या प्रत्येक फाइलच्या नावात आकसणी धरली आहे की नाही हे लिहिलेलं असतं, आणि सोबतच्या कागदावर एक तपासणीचं माप दिलेलं असतं: कापून झाल्यावर अमुक दोन कडांमधलं अंतर साध्या पट्टीवर किती भरलं पाहिजे.

निकाल

पॅटर्न ठरल्यापेक्षा उशिरा गेला. गिऱ्हाइकाला आधी कळवलं होतं, त्यामुळे ऑर्डर टिकली. पहिली कास्टिंग मशीनिंगला पुरेशा मालासह निघाली, बोअर साफ झाला. एका रिबच्या मुळाशी वाळू ढासळल्याची खूण आली, तिथली गोलाई वाढवून ती गेली. गोलाई शेवटच्या पायरीवर असल्यानं बाकी कशालाही हात लावावा लागला नाही.

साध्या कामांची मॉडेलं आता दुकानातच होतात. बाहेर जाणारे पैसे बरेच थांबले. ज्या समूहात मदत मिळाली तिथं पुतण्यानं शेवटी काय केलं ते लिहून प्रश्न बंद केला. हे फार थोडे लोक करतात, आणि पुढच्या अडलेल्या माणसाला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं खरं काम देण्याआधी सरावाच्या वस्तूंवर मुद्दाम बदल करून पाहायला हवे होते. बुश आणि फ्लँज एकदा झाले की तो पुढे जायचा. फ्लँजला एक खाच पाड, जाडी दुप्पट कर, एक भोक काढून टाक, असं केलं असतं तर ही खोट घरातच, तारखेच्या दडपणाशिवाय कळली असती. आता मी माझ्या मुलांना दर सरावाच्या शेवटी एक बदल करायला लावतो.

काकांना फार उशिरा विचारलं गेलं. कॅड हे पुतण्याचं क्षेत्र आणि लाकूड काकांचं, अशी वाटणी घरात नकळत झाली होती. मॉडेल सुरू करण्याआधी पार्टिंग लाइनचा कागद काढून घेतला असता तर एक पूर्ण चूक टळली असती. ज्या घरांत जुना कारागीर आहे आणि मुलगा संगणकावर शिकतो आहे, त्यांना मी हे कळकळीनं सांगतो. समूहातले लोक फाइल सुधारू शकतात. वाळू त्यांच्यासमोर नसते.

टेलिग्रामवरची ती रात्र मात्र टाळता आली असती असं मला वाटत नाही. पहिला प्रश्न बहुतेकांचा तसाच जातो. महत्त्वाचं हे की त्यानंतर कोणीतरी त्याच्याशी बोललं. आपल्या भागात मराठीतून असं बोलणारी माणसं, एखादी संध्याकाळ एकत्र बसून प्रश्न लिहून देणारी माणसं, वाढायला हवीत. इंग्रजीची भीती खरी आहे, पण आधी मराठीत लिहिलेला स्वच्छ प्रश्न साध्या इंग्रजीत न्यायला फारसा त्रास पडत नाही. मराठीतच धूसर असलेला प्रश्न कुठलंही साधन स्वच्छ करून देत नाही.

सध्या

पंपाच्या व्होल्यूट केसिंगचं, म्हणजे गोगलगाईसारखं वळत जाणाऱ्या कवचाचं, काम आलं आहे. त्याचा छेद दर काही अंशाला बदलत जातो, आणि मूळ प्रतलांवरच्या साध्या स्केचांनी ते भागत नाही. काकांकडे जुन्या लाकडी पॅटर्नचे पुठ्ठ्याचे छेद आहेत. पुतण्यानं ते स्कॅन करून एकामागून एक लावले आणि त्यांतून लॉफ्ट, म्हणजे एका छेदापासून दुसऱ्या छेदापर्यंत ओढलेला आकार, काढायला घेतला. कटवॉटरजवळ, म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या जिभेजवळ, पृष्ठ मुरडतं. त्या मुरडीपुरती छोटी फाइल त्यानं मनाच्या मापांनी तयार केली आहे, आणि या वेळच्या प्रश्नात पार्टिंग लाइन कुठं आहे ते त्यानं आधीच लिहून ठेवलं आहे.